कारंज्याचा सूर्य

उस्ताद,

आपलं इंजिन आज मोडीत गेलं. भंगारवाल्याची माणसं तीन दिवस घण घालत होती. मी रोज सकाळी काठी टेकत कापसाच्या जिनाच्या आवारात जाऊन बसत होतो. मोठं चाक काही केल्या फुटेना, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं कपाळाचा घाम पुसत मला विचारलं, "बाबा, तुमी जुने मानूस, हे कुठून फुटते हो?" मला माहीत होतं. चाकाच्या एका आऱ्याच्या मुळाशी ओतकामाच्या वेळची केसाएवढी रेघ आहे, ती तुम्हीच माझं बोट धरून मला दाखवली होती. मी सांगितलं नाही. म्हटलं, "फोडा बाप्पा, तुमचे हात तरणे हायेत." संध्याकाळी घरी आलो, जेवलो, आणि ही वही घेऊन बसलो. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुम्ही हयात असता तरी हे पत्र कोणा मुन्शीकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग मी ते लिहिलंच नसतं. आता तेवढं एक बरं आहे, तुमच्यामाझ्यात मुन्शी नाही.

शिरपूरहून मी कारंज्याला जिनात आलो तेव्हा चौथी पास होतो आणि हातात तेलाचा डबा होता, एवढीच माझी ओळख. रुईच्या हंगामात जीन अंधार पडेपर्यंत चालायचं, आणि आमच्या घरचा नेम असा की सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं, नंतर अन्नाचा कण नाही. जमिनीखाली उगवणारं काही खायचं नाही, पाणी गाळून प्यायचं. पहिल्या दिवशी मी हे तुम्हाला कसं सांगावं म्हणून घुटमळत होतो. तुम्हीच बोललात. "शिरपूरचा जैन ना तू? मंग सांगत काहून नाई? मले काय सपन पडते?" त्या दिवसापासून पाच हंगाम, एकदाही न चुकता, धुराड्याची सावली सरकीच्या ढिगापर्यंत गेली की तुमची हाक यायची, "अबे शिरपूरकर, तुहा सूर्य चालला! जेव!" आणि माझ्या हातातला तेलाचा डबा तुम्ही घ्यायचे. एवढे मोठे मिस्त्री, ज्यांच्याशी शेठसुद्धा जपून बोलायचा, ते माझ्या जागी वाकून बेरिंगांत तेल घालत फिरायचे, आणि मी पिंपाआड बसून भाकर खायचा. माझं आटोपलं की सूर्य टेकायचा, आणि मग तुमच्या नमाजाची वेळ. तेव्हा डबा परत माझ्याकडे. रमजानात तर आपली गंमतच होती. दिवसभर तुमच्या तोंडात थेंब नसायचा आणि मी तुमच्यासमोर जेवायचा, मला लाज वाटायची, पण तुम्ही खजूर हातात धरून हसायचे. "तुहं दुकान बंद झालं का मायं उघडते. सूर्य एकच, गिऱ्हाईक दोन!" कारंज्यात त्या सूर्याकडे आपल्या दोघांइतकं ध्यान देऊन बघणारं दुसरं कोणी नसेल.

काम तुम्ही शिकवलं ते सांगून नाही, तर ऐकायला लावून. कडुनिंबाचा हातभर दांडा होता तुमचा, हाताच्या तेलानं काळा झालेला. त्याचं एक टोक बेरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाच्या पाळीमागे. "आयक. हे म्हंते मी बरा हावो. आता हे आयक. हे म्हंते मले ताप हाये, पन सांगू नका कोनाले." मी ऐकायचा, मला नुसती घरघर ऐकू यायची. दोन वर्षं नुसती घरघर. तुम्ही एकदाही रागावला नाहीत. रागावलात ते दुसऱ्याच गोष्टीवर. एकदा पट्टा चालू असताना मी त्यावरून उडी मारून पलीकडे गेलो, तेव्हा तुम्ही इंजिन बंद करवलंत, सगळं जीन थांबलं, शंभर माणसं बघायला लागली, आणि तुम्ही मला म्हणालात, "तुही माय शिरपूरले बसून कपडे शिवून राह्यली. तिले मी काय तुहा पाय पाठवू काय?" त्यानंतर मी कधी पट्टा ओलांडला नाही. अजूनही रस्त्यात दोरी पडलेली दिसली तर वळसा घालून जातो, नातवंडं हसतात.

शेठनं जेव्हा ठरवलं की इंजिन बिघडलं की मुंबईहून गोरा साहेब बोलवायचा आणि त्याची आठ-आठ दिवस वाट बघायची हे पुरे झालं, आपलाच एक माणूस विलायतेला, जिथं हे इंजिन घडलं त्या कारखान्यात दोन वर्षं ठेवायचा, तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की मिस्त्री जाणार. तुमचंही मन नव्हतं असं मी म्हणणार नाही. इंजिनाच्या अंगावर त्या गावाचं नाव उठावाच्या अक्षरांत होतं, तुम्ही ते रोज फडक्यानं पुसायचे आणि पुसताना तुमचं बोट एकेका अक्षरावरून फिरायचं, ते मी पाहिलेलं आहे. पण तुम्ही शेठला म्हणालात, "मायी नजर जाईन तिथं, पन अक्षर नाई जात. ह्या पोट्ट्यानं यंत्राच्या पुस्तकातून इंग्रजी उकरून काढली, बिनामास्तरची. ह्याले धाडा." शेठ म्हणाला, हा जैन, तिकडं खाणार काय? तुम्ही म्हणालात, "ते माह्याकडं."

मग तुम्ही बैलगाडीनं माझ्याबरोबर शिरपूरला आलात. माय दारात शिवण घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "मिस्त्री, याचा बाप नाई. हा तिकडं बाटून आला तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?" तुम्ही अंगणात उभे होता, ओसरीला पाय लावला नव्हता. "माय, माह्याकडं पाहा," तुम्ही म्हणालात. "पाच वरसं याले सूर्याआधी जेवू घालून राह्यलो. मी जबान देतो. हा जसा चालला तसा येईन. नाई आला तं मले इचारा." मायनं शिवण खाली ठेवलं. मग मला देवळात नेऊन तिनं नेम पुन्हा घ्यायला लावला, आणि मी घेतला. एका मुसलमान मिस्त्रीच्या शब्दावर माझ्या मायनं मला समुद्रापार जाऊ दिलं. तेव्हा मला ते सरळच वाटलं होतं.

जायच्या आधी दीड महिना तुम्ही मला स्वयंपाक शिकवलात, ही गोष्ट मी घरी सांगतो तर कुणाचा विश्वास बसत नाही. मायनं घरी वरणभात, पोळ्या दाखवल्या होत्या, पण काटक्यांच्या चुलीवर. तुम्ही म्हणालात, "तिथं काड्या कुठच्या? तिथं कोयसा. कोयशाचा जाळ येगळा, दगाबाज. वरतून थंडा, आतून शैतान." बॉयलरच्या मागे तीन विटा मांडून तुम्ही मला बसवलंत आणि स्वतः चार हात लांब उभे राहून हुकूम सोडायला लागलात. "झाकन काढ. आता उतरव. अबे, पोयी हाये का घोंगडं?" तुम्ही भांड्याला कधी हात लावला नाहीत. आणि ऊन सरकलं की तुम्हीही सरकायचे. पहिल्यांदा मला कळलं नाही का. मग दिसलं, तुमची सावली माझ्या पातेल्यावर पडू नये म्हणून तुम्ही जागा बदलत होता. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मायनंही नाही. मला दिसलं, आणि मी "असू द्या उस्ताद, उभे राहा" असं म्हणालो नाही. पोळी उलटली. ईदलाही तुम्ही मला शिजवलेलं काही न पाठवता कोरडे खजूर, चारोळी आणि साखर कागदात बांधून पाठवायचे, माय ते आनंदानं घ्यायची. तुमची आमच्यापेक्षा आमच्या रीतीवर जास्त नजर होती.

छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई, मग आगबोट. त्या प्रवासाचं मी तुम्हाला तेव्हा तिखटमीठ लावून सांगितलंच आहे. मी पोचलो तो चैत्राचा सुमार होता, आणि तुम्हाला आठवत असेल, माझं पहिलं पत्र किती खुशीचं होतं. तिथं उन्हाळ्यात सूर्य संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत बुडतच नाही! कारखाना साडेपाचला सुटायचा, मी सावकाश येऊन, हातपाय धुऊन, स्वयंपाक करून जेवायचा आणि तरी सूर्य खिडकीत बसलेला. तुम्ही डाकमुन्शीकडून उत्तर लिहवलंत. त्याची भाषा आणि तुमची भाषा एकाच कागदावर अशी काही भांडत होती की मी एकटाच हसत सुटलो. वर "चिरंजीव यांस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष" आणि त्याखाली लगेच, "अबे मंग तो तं जैनांचाच मुलुख झाला, तुहे लोक इथं कायले राह्यले?"

मी एका विधवा बाईच्या घरी राहत होतो. तिचा म्हातारा भाऊ तिथंच राहायचा, त्यानं जन्मभर त्याच कारखान्यात ओतकाम केलेलं. चाळीस वर्षं मोठ्या भट्टीपुढे उभा राहून त्याच्या भुवया कायमच्या जळाल्या होत्या. बाईनं मला स्वयंपाकघरातल्या शेगडीचा एक कोपरा दिला, तिथंच मी एकटा जेवायचा. मायनं दिलेला तवा आगबोटीवर कोणीतरी लांबवला होता, म्हणून कारखान्यात मी हातानं केलेली पहिली वस्तू म्हणजे तवा. बॉयलरच्या पत्र्याचा तुकडा घेऊन, कडा कानसून, मधे जरासा खोल. तिथल्या मुकादमानं तो उचलून उजेडात धरला, चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "हे कशाचं झाकण?" मी म्हटलं, पोटाचं. त्याला कळलं नाही, पण काम चांगलं आहे म्हणाला. हाच मुकादम एका सकाळी एका नव्या इंजिनाजवळ वाकला होता, कानाला लाकडाचा दांडा लावून. मी आहे तिथंच थांबलो. तीच मान, तेच मिटलेले डोळे. मी त्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझ्या गावी एक माणूस असंच ऐकतो. त्यानं विचारलं, त्याला कोणी शिकवलं? मी म्हटलं, कोणीच नाही. तो दांडा खाली ठेवून म्हणाला, "मग तो का आला नाही?"

आश्विन सरला आणि तो सूर्य, ज्याचं मी इतकं कौतुक केलं होतं, तो पळायला लागला. पौषात तर दुपारी पावणेचारलाच अंधार. सकाळी आठला न्याहारीची सुट्टी व्हायची तेव्हा तो उगवलेला नसायचा, संध्याकाळी कारखाना सुटेपर्यंत तो कधीच गेलेला. बाराची एक सुट्टी तेवढी माझी. एकदा जेवायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत पाण्यावर राहायचं, पाण्याची सूट मायनं दिली होती. भाजी म्हणून बाजारात बटाटा, कांदा, गाजर, सलगम, सगळं जमिनीखालचं. मी कोबी आणि वाळलेले मटार यांवर होतो. कानस वाकडी चालायला लागली. एकदा मोजमाप चुकलं आणि एक चांगला लोखंडी दांडा फुकट गेला. तेव्हा घाबरून मी तुम्हाला लिहिलं, की उस्ताद, इथला सूर्य माझ्या हातात राहत नाही, काम जमत नाही, मी परत येऊ का.

दीड महिन्यानं तुमचं उत्तर आलं. मी ते इतक्या वेळा वाचलं की आजही पाठ आहे. "परत कायले येतं? डोकं चालव. तुह्या मायनं नेम कुठं देला? शिरपूरले. मंग सूर्य बी इथलाच धरा लागते. तिथल्या सूर्याचा अन् तुह्या नेमाचा काय सबंध? आपल्या कारंज्यात सूर्य सहाले बुडते. तू सहाच्या आत जेवून घेत जा. मी मायले इचारलं, ते म्हंते मिस्त्री म्हंतेत तं बरोबर असंन." खाली मुन्शीनं स्वतःचं जोडलं होतं, "सदरहू युक्ती मलाही पटली." काय सांगू उस्ताद, मला ती कुठल्याही पंडिताच्या निवाड्यापेक्षा पक्की वाटली. नऊ दिवस मी कारखान्यातून पळत घरी यायचा आणि सहाच्या ठोक्याआधी गरम पोळी खायचा. अंगात जीव आला. कानस सरळ चालायला लागली. दहाव्या दिवशी कारखान्यातल्या शिकाऊंच्या संध्याकाळच्या वर्गात मास्तरांनी टेबलावर पृथ्वीचा गोळा ठेवला, बाजूला दिवा, आणि तो गोळा फिरवून दाखवायला लागले. माझ्याकडे पाहून म्हणाले, या, तुमचा देश दाखवा. मी बोट ठेवलं. ते म्हणाले, बघा, यांच्या गावी सूर्य बुडतो तेव्हा आपल्याकडे दुपारचा एक वाजलेला असतो. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी उभाच. नऊ दिवस मी कारंज्याच्या हिशेबानं अकरा वाजता, सगळं गाव निजल्यावर जेवत होतो. घड्याळात इथं सहा म्हणजे तिथंही सहा, असंच आपण दोघं, माय आणि मुन्शी, चौघंही धरून चाललो होतो. त्या नऊ दिवसांचं पाप मी कधीच मानलं नाही. ती चूक होती, आणि इतक्या मायेनं केलेली चूक मला पुन्हा कधी कोणाकडून मिळाली नाही. पण मी तुम्हाला ते कळवलं नाही. लिहिलं, "युक्ती उत्तम चालते." तुमच्यापासून लपवलेली ती पहिली गोष्ट. आणि मी परत बाराच्या एका जेवणावर गेलो. तुमच्या नऊ दिवसांनी एवढं झालं की हिवाळा निघाला.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी परीक्षा झाली आणि मी पास झालो. घरमालकीण बाईला माझ्यापेक्षा जास्त आनंद. तिला मी सुरुवातीला मांस, मासे, अंडी चालत नाहीत एवढंच सांगू शकलो होतो. जमिनीखालचं का नाही आणि अंधारात का नाही, हे सांगायला तेव्हा इंग्रजी पुरत नव्हतं, आणि पुरायला लागलं तोवर इतक्या उशिरा सांगायची लाज वाटायला लागली होती. ती विचारायची आणि मी म्हणायचा, पोट बरं नाही. दीड वर्ष माझं पोट बरं नव्हतं. बिचारीला वाटायचं तिच्या हाताला चव नाही. तर त्या दिवशी तिनं तिच्या मुलखाचा तो वरून पोळीनं झाकलेला, भट्टीत भाजलेला बटाट्याचा पदार्थ केला, आणि माझ्यासाठी वेगळ्या पत्र्याच्या थाळीत, मांस न घालता, बटाटा, कांदा आणि चीज घालून. चुकून बदल होऊ नये म्हणून माझ्या थाळीवर तिनं कणकेचं एक छोटं पान करून चिकटवलं होतं. बाहेर अंधार पडून तास झाला होता. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, आणि त्या थाळीतून वाफ येत होती. मी खाल्लं. सगळं खाल्लं. बाईनं एकदा भावाकडे पाहिलं, भावानं मान हलवली, आणि ती उगाचच उठून शेगडीतले निखारे हलवायला गेली. तेव्हा त्या म्हाताऱ्यानं मला मोठं चाक कसं ओततात ते सांगितलं, हातवारे करून, तासभर.

मी परत आलो तेव्हा कारंज्याच्या फलाटावर तुम्ही होतात, धुवट सदरा, डोळ्यांत सुरमा. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, मी डब्यातून उतरायच्या आत खालूनच ओरडलात, "मोठं चाक एका दमात ओततेत का दोन?" मी म्हटलं, "एका दमात, उस्ताद!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मी म्हनत होतो! पंधरा वरसं म्हनून राह्यलो!" तिथं उभ्या हमालांना तुम्ही सांगायला लागलात, ते बिचारे हो हो करत होते. जिनापर्यंत चालत जाईपर्यंत तुम्ही मला विचारत होता, मी सांगत होतो, आणि मनात वाट बघत होतो की आता विचारतील, नेमाचं विचारतील. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुढं कितीतरी वर्षं सांगत आलो. तुम्ही विचारलं नाही.

विचारलं शिरपूरला. मायच्या ओसरीवर गावातली चार वडीलधारी माणसं बसली होती, रागावलेली नव्हती, पण विचारणं भाग होतं. त्यातले वयानं मोठे म्हणाले, "नेम राह्यला का रे बाबू?" मी तोंड उघडलं. अंगणातून तुमचा आवाज आला. "काका, जबान मी देली होती. मले इचारा."

"तुमी तं इथंच होते, मिस्त्री. तुमाले काय ठाव?"

"मी बेरिंग खोलून पाहातो काय? वरतूनच सांगतो गरम झालं का थंड हाये. हे पोट्टं जसं गेलं तसं आलं."

सगळे हसले. मोठे म्हणाले, "मिस्त्री म्हंतेत तं झालं." माय रडायला लागली आणि रडतच पानं मांडायला गेली. मी आत जाऊन तिच्या हातचं जेवलो, सूर्य अजून दोन हात वर होता. तुम्हाला तिनं पत्रावळीवर वाढून बाहेर पाठवलं. तुम्ही गाडीच्या चाकाशी, आमच्याकडे पाठ करून बसून जेवलात. त्या चार माणसांसमोर तुम्ही तुमची अब्रू माझ्यासाठी पणाला लावली होती आणि मी आत बसून तूप वाढून घेत होतो.

परतीच्या वाटेवर तुम्ही गाडी हाकत होता. मालेगावचा नाला ओलांडला तेव्हा बैलांकडेच बघत म्हणालात, "तिथं आलू लय मोठे असतेत म्हंतेत."

मी म्हटलं, "मले नाई ठाव, उस्ताद."

"हं," तुम्ही म्हणालात. मग बैलाच्या पाठीवरची माशी उडवलीत आणि सरकीचा भाव काय चाललाय ते सांगायला लागलात. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, की मुंबईच्या साहेबाकडून ऐकलेलं तुम्ही सहज बोललात, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. तुम्ही दांडा लावून ऐकत होता की काय, कोण जाणे.

त्यानंतर आठ वर्षं आपण एकाच इंजिनाशी काम केलं. मी मिस्त्री झालो, तुम्ही मोठे मिस्त्री. माझ्या हाताखालच्या माणसांना तुम्ही सांगायचे, हा विलायतेहून शिकून आला, आणि मी म्हणायचा, मी बॉयलरमागे शिकलो. धुराड्याची सावली सरकीच्या ढिगावर आली की अजूनही तुमची हाक यायची. मला आता पोरंबाळं झाली होती, तरी "अबे शिरपूरकर" सुटलं नाही. मग ती तापाची मोठी साथ आली आणि तुम्हीही अंथरूण धरलंत. चौथ्या दिवशी मला तुमच्या घरून बोलावणं आलं तेव्हा तुम्हाला नीट बोलता येत नव्हतं. तुम्ही माझं मनगट धरलंत, नाडी बघावी तसं, आणि विचारलंत, "चालू हाये ना?" मी म्हटलं, "चालू हाये, उस्ताद." इंजिन तर साथीमुळे आठवडाभर बंद होतं. सांगायचं ते तेव्हाही राहिलं.

तुमच्याजवळ सांगता येईल अशी एक सबब मी इतकी वर्षं घोटून ठेवली होती: उस्ताद, भुकेनं मरत होतो, काय करू. तुम्ही ती ऐकून घेतली असतीत, भूक तुम्हाला माहीत होती, तीस-तीस दिवस माहीत होती. वरही मी तेच लिहिलं आहे, हाताला सवय झाली आहे. ते पान आता फाडत नाही. हे पत्र जायचं कुठंच नाही, तेव्हा राहू दे. पण बाईनं ती थाळी केली तो दिवस कारखान्याचा नव्हता, रविवार होता. दुपारी अडीचला, चांगला सूर्य असताना, मी माझ्या तव्यावर तीन पोळ्या आणि मटाराची उसळ करून पोटभर जेवलो होतो. मला भूक नव्हती, उस्ताद. त्या म्हाताऱ्यानं आपल्या शेजारची खुर्ची पायानं बाहेर सरकवली, आणि मी बसलो.